सेल्फ न उचलण्याची मीमांसा

मोटारसायकलचे इंजिन स्वतःच्या बळावर पहिली फेरी कधीच घेत नाही. एकदा फिरू लागले की ते पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण ओढते, दाबते, जाळते आणि त्या जळण्यातून मिळालेल्या धक्क्यावर पुढची फेरी घेते. मात्र हे रहाटगाडगे सुरू होण्याआधीची फेरी बाहेरच्या कोणीतरी द्यावी लागते, आणि हा बाहेरचा कोणीतरी म्हणजे महाराष्ट्रात फार काळ वाहनमालकाचा उजवा पाय होता. बुलेटवाल्यांच्या पायाला तर शास्त्रोक्त शिक्षण लागे. डिकॉम्प्रेशनचा खटका, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडून देणारी छोटी तरफ, दाबून ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हलक्या पायाने पुढे न्यायची, खटका सोडायचा आणि मग सगळे वजन टाकायचे, असा तो क्रम होता. त्यात चूक झाल्यास किक उलटी फिरून पोटरीवर दीर्घकाळ टिकणारा अभिप्राय नोंदवत असे. चेतकच्या मालकांनी स्कूटर सुरू करण्यापूर्वी ती एका अंगावर कलवण्याचा विधी श्रद्धेने पाळला, आणि शेजारच्या घरांना सकाळचे साडेनऊ झाल्याचे त्या विधीवरूनच कळे.

पायाची ही सक्ती मोडण्याचे श्रेय अमेरिकेतील डेटन या गावच्या चार्ल्स केटरिंग या अभियंत्याला दिले जाते. त्याचा विजेवर चालणारा स्टार्टर 1912 सालच्या कॅडिलॅक मोटारींवर बसला. त्याआधी केटरिंगने दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला, म्हणजे कॅश रजिस्टरला, विजेची मोटर जोडली होती, आणि त्या कामातून त्याला उमगलेली गोष्ट साधी पण दूरगामी होती. इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान मोटर प्रचंड आकाराची असली पाहिजे, असे तत्कालीन जाणकारांना वाटे. मात्र मोटर दिवसभर चालायची नसून काही क्षणच झटका देणार असेल, तर लहान मोटरीवर तेवढ्या वेळापुरता मोठा भार टाकता येतो, हे केटरिंगने गल्ल्यापाशी शिकून घेतले होते. आजच्या मोटारसायकलच्या पोटाखाली बसलेली, मुठीएवढ्या जाडीची मोटर याच तत्त्वावर जगते. म्हणूनच वाहनाबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत, बटण एका वेळी सुमारे पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये मोटरीला थोडी विश्रांती द्यावी, असे लिहिलेले असते. ही पुस्तिका बहुतेक घरांत विम्याच्या कागदांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत सुरक्षित राहते, आणि मालक रस्त्यावर उभा राहून, जळकट वास येईपर्यंत, अंगठ्याने केटरिंगचा सिद्धांत तपासत असतो.

दुचाकीवर हा शोध आणण्याची घाई इंडियन या अमेरिकी कंपनीने 1914 सालीच केली होती. तिच्या हेंडी स्पेशल या मोटारसायकलला विजेचा स्टार्टर होता, पण त्या काळच्या बॅटऱ्यांना तो भार पेलवला नाही आणि ती गाडी लवकरच मागे घ्यावी लागली. म्हणजे दुचाकीच्या स्टार्टरच्या इतिहासातील पहिला मोठा बिघाडसुद्धा बॅटरीचाच होता, आणि तरीही आज शंभराहून अधिक वर्षांनंतर गाडी सुरू झाली नाही की पहिला संशय मोटरीवरच जातो, ही बाब मानवी स्वभावाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे बटणाचे सुख सामान्य माणसाच्या अंगठ्याखाली आले ते 1984 साली, पुण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडाशी हातमिळवणी करून आणलेल्या स्कूटरमुळे. साडी नेसून किक मारण्याची कसरत त्या स्कूटरने अनावश्यक ठरवली. पुढे मोटारसायकलींनीही बटण स्वीकारले, मग काहींनी किकचा दांडाच काढून टाकला, आणि वाहन व मालक यांच्यात जो काही शारीरिक परिचय उरला होता तोही संपुष्टात आला.

बिघाडाची चर्चा करण्यापूर्वी वीज कोणत्या वाटेने जाते, हे पाहणे आवश्यक आहे. बटणातून मोटरीची वीज जात नाही, कारण मोटरीला सुरुवातीच्या क्षणी काही दशक अँपिअर इतका प्रवाह लागतो आणि तो बटणातून नेला, तर बटण पहिल्याच दिवशी वितळेल. बटण फक्त रिलेला इशारा देते. रिले म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणारा दणकट खटका. इशारा मिळताच त्यातील गुंडाळी चुंबक बनते, तांब्याचे दोन संपर्क आपसांत जोडते आणि बॅटरीतून येणारी जाड वायर मोटरीच्या जाड वायरीला मिळते. हा इशारा पोचण्याच्या वाटेवर फ्यूज, हँडलवरचा इंजिन बंद करण्याचा लाल खटका, क्लचच्या तरफेतला बारीक स्विच, न्यूट्रलचा स्विच आणि अलीकडच्या गाड्यांत साइड स्टँडचा स्विच असे अनेक नाके बसवलेले असतात, आणि त्यांतील एकानेही वाट अडवली की पुढे पूर्ण सामसूम पसरते. गृहनिर्माण संस्थेच्या पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांना यातला लाल खटका विशेष प्रिय असतो. मुलांनी तो दाबून ठेवलेला असतो, मालक गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेतो, मेकॅनिक एका बोटाने खटका वर करतो, आणि त्यानंतर दोघांमध्ये जी शांतता निर्माण होते तिचे मूल्य किती आकारावे, याचा दर कोणत्याही गॅरेजच्या फलकावर लिहिलेला नसतो.

सेल्फ (म्हणजे हाच विजेचा स्टार्टर) उचलत नाही, हे वाक्य मराठी वाहनमालक ज्या विविध परिस्थितींसाठी वापरतो, त्यांच्यात ध्वनीच्या आधारे सहज फरक करता येतो, आणि खरा मेकॅनिक पान्याला हात लावण्यापूर्वी तोच करतो. बटण दाबल्यावर काहीही आवाज येत नसेल, तर इशारा रिलेपर्यंत पोचलेलाच नाही, किंवा बॅटरीच पूर्ण निपचित आहे. एकच खणखणीत ‘टक’ होऊन सारे थांबत असेल, तर रिलेने आपले काम केले आहे, पण त्याचे संपर्क जळाले आहेत किंवा पुढे मोटर अडकली आहे. ‘टकटकटकटक’ अशी सरबत्ती झाली, तर बॅटरी उतरलेली आहे: रिले जोडला जातो, मोटर प्रवाह ओढते, बॅटरीचा दाब कोसळतो, त्यामुळे रिलेचा चुंबक ढिला पडून जोड सुटतो, भार गेल्यावर दाब पुन्हा वर येतो आणि रिले पुन्हा जोडला जातो, हा खेळ सेकंदाला अनेक वेळा चालतो. मोटर ‘घर्रर’ करत मोकळी फिरत असेल आणि इंजिन मात्र ढिम्म असेल, तर दोष वन-वे क्लचचा असतो, म्हणजे मोटरीला इंजिन फिरवू देणाऱ्या, पण इंजिन सुरू झाल्यावर मोटरीला उलट फरफटू न देणाऱ्या, छोट्या रोलर आणि स्प्रिंगांच्या जोडणीचा. इतके सगळे कानाने कळते. दुर्दैवाने मालक फोनवर मेकॅनिकला यांपैकी काहीही सांगत नाही. तो फक्त “सेल्फ गेला” असे सांगतो, आणि कोणता आवाज येतो असे विचारल्यावर तोंडाने जो आवाज काढून दाखवतो तो वरीलपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही.

रस्त्यावर गाडी बंद पडल्यास निदानाला लोकशाही स्वरूप येते. सुरुवातीला दोन आणि नंतर पाच-सहा जण जमतात, त्यांतला एक जण टाकी हलवून पेट्रोल आहे का ते पाहतो, दुसरा चोक ओढायला सांगतो, तिसरा प्लग काढून पुसण्याचा आग्रह धरतो. इंजिन फिरते आहे पण पेट घेत नाही, ही एक गोष्ट; आणि इंजिन फिरतच नाही, ही अगदी वेगळी गोष्ट, आणि दुसऱ्या प्रकारात पेट्रोल, चोक व प्लग यांचा काडीचाही संबंध नसतो, हा भेद या सभेत मांडणाऱ्याला कोणी विचारत नाही. अखेरीस ‘धक्का मारा’ हा ठराव एकमताने संमत होतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून धावायचे आणि वेग आला की क्लच सोडायचा, ही युक्ती जुन्या मोटारसायकलवर बहुधा फळते. स्वयंचलित गिअरच्या स्कूटरवर ती फळत नाही, कारण तिचा क्लच इंजिन वेगाने फिरू लागल्यावरच पकड घेतो आणि चाक फिरवून इंजिन फिरवण्याची वाटच तिथे नसते. तरीसुद्धा स्कूटरला चौकातून चौकापर्यंत ढकलणारे परोपकारी लोक दर पावसाळ्यात दिसतात. 1 एप्रिल 2020 पासून भारतात बीएस-6 निकष लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींवर कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले आहे, आणि त्यात पेट्रोलचा पंप विजेवर चालत असल्याने बॅटरी पूर्ण मेलेली असल्यास कितीही धावले तरी घाम सोडून काही निष्पन्न होत नाही.

गॅरेजात निदानाची सुरुवात हॉर्नपासून होते. मराठी मुलखात हॉर्न हे प्रत्येकाला वाचता येणारे व्होल्टमीटर आहे. तो नेहमीच्या ठसक्यात वाजला तर बॅटरीत जीव आहे, आणि सर्दी झाल्यासारखा वाजला तर ती उतरली आहे, इतका निष्कर्ष फुकट मिळतो. त्यानंतर मल्टिमीटर येतो. विश्रांती घेतलेल्या निरोगी बॅटरीने सुमारे 12.6 व्होल्ट किंवा थोडे अधिक दाखवले पाहिजे. 12 च्या आसपास आली तर ती बरीच रिकामी झालेली असते. पण हा आकडा विश्रांतीचा आहे, आणि विश्रांतीत सगळेच चांगले दिसतात. बटण दाबून मोटरीचा भार पडला असतानाही दाब साधारण 10 व्होल्टच्या खाली घसरू नये, ही खरी परीक्षा होय. इंजिन चालू असताना 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले, तर चार्जिंगही ठीक आहे. जुन्या बॅटरीची गंमत अशी, की ती विश्रांतीत 12.6 दाखवते, मालकाचा विश्वास संपादन करते, आणि बटण दाबताच 7 वर येते.

बॅटरी निर्दोष ठरली, तरीही मोटरीकडे जाण्याची घाई करू नये, कारण मध्ये वायरी आणि जोड आहेत. बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट थर, इंजिनच्या अंगाला अर्थची वायर जिथे बोल्टने जोडली आहे तिथला गंज आणि दहाच्या पान्याने कधीच न आवळलेला नट यांना लोक क्षुल्लक समजतात. येथे शाळेतला ओहमचा नियम कामी येतो. मोटर 50 अँपिअर ओढत असेल आणि जोडांमध्ये मिळून फक्त 0.05 ओहमचा रोध असेल, म्हणजे साधा मीटर धड वाचूही शकणार नाही इतका, तरी त्या जोडांवरच अडीच व्होल्ट खर्च होतात. हाच गंजलेला जोड हॉर्नला किंवा दिव्याला काहीच त्रास देत नाही, कारण त्यांचा प्रवाह थोडा असतो. त्यामुळे दिवा लख्ख, हॉर्न खणखणीत आणि सेल्फ मात्र मरतुकडा, असे दृश्य दिसते आणि दिव्याच्या प्रकाशात मालक मोटरीला दोषी ठरवतो. कोकणात, आणि एकंदरीतच पावसाळा संपल्यानंतरच्या दिवसांत, या प्रकाराचा सुकाळ असतो. बटण दाबलेले असताना मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी मोटरीच्या खिळ्याला लावली व अर्ध्या व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले, तर चोर वाटेतच आहे, हे सिद्ध होते. हीच तपासणी अर्थच्या बाजूनेही करायची असते, आणि ती बहुतेक जण विसरतात. उपाय गरम पाणी, खाण्याचा सोडा, पॉलिश पेपर आणि थोडे व्हॅसलीन एवढाच.

मग रिले. अनुभवी मेकॅनिक गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून घेतो, जाड स्क्रू ड्रायव्हर रिलेच्या दोन मोठ्या खिळ्यांवर आडवा टेकवतो आणि एक ठिणगी उडते. ही ठिणगी उडताच बघे एक पाऊल मागे सरकतात आणि मेकॅनिकविषयीचा आदर एक पाऊल पुढे येतो. रिले असा वगळल्यावर मोटर फिरली, तर दोष रिलेचा किंवा त्याला इशारा देणाऱ्या वायरींचा. फिरली नाही, तर बॅटरीपासून मोटरीपर्यंत थेट जाड केबल लावून पाहायचे. तिथेही ती फिरली नाही, तरच मोटर दोषी. न्यूट्रलची खात्री मात्र कधीच टाळू नये. गिअरमध्ये असलेली गाडी ठिणगीबरोबर पुढे झेप घेते, आणि गॅरेजमध्ये तिच्यासमोर सामान्यतः दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी उभी असते.

मोटर खरोखर उघडावी लागली, तर आत पाहण्यासारखे पुष्कळ असते. दोन बोल्ट आणि एक जाड वायर सोडवली की ती इंजिनपासून अलग होते, आणि तिचे लांब बोल्ट काढले की दोन्ही टोकांची झाकणे निघतात. झाकण काढण्यापूर्वी झाकण आणि नळकांडे यांच्यावर मिळून एक आडवी खूण करावी, कारण पुन्हा बसवताना ती फिरवून बसली तर काहीच जमत नाही. तसेच आसावर असलेल्या पातळ चकत्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवाव्यात. या चकत्यांतील एखादी जुळणीनंतर टेबलावर उरते, आणि तिला पाहून ‘ही जास्तीची असावी’ असा जो निष्कर्ष काढला जातो त्याला यंत्रशास्त्रात आधार नाही. आत मुख्यतः आर्मेचर असते, म्हणजे तांब्याच्या तारा गुंडाळलेला फिरता आस. त्याच्या एका टोकाला कम्युटेटर, म्हणजे तांब्याच्या सुट्या पट्ट्यांचे कडे. आणि त्या कड्यावर स्प्रिंगेने दाबून घासत राहणारे कार्बन, ज्यांतून वीज फिरत्या तारांत उतरते. कार्बन झिजतात, हेच त्यांचे काम आहे. ते झिजून आखूड झाले की स्प्रिंगेचा दाब कमी पडतो, मोटर कधी फिरते, कधी फिरत नाही, आणि बाहेरून पाना आपटला की पुन्हा फिरते. मोटरीला पाना आपटण्याच्या लोकमान्य उपचारामागे एवढे शास्त्र खरोखरच आहे, फक्त आपटणाऱ्याला ते ठाऊक नसते.

झिजलेल्या कार्बनची काळी भुकटी आत सर्वत्र पसरलेली असते. ती स्वतः विजेची वाहक असल्याने पुसून काढावी लागते. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने हलकेच चकाकवायचा आणि पट्ट्यांमधल्या खाचा हॅक्सॉ ब्लेडच्या धारेने साफ करायच्या. मग मल्टिमीटरने दोन प्रश्न विचारायचे: एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत वीज जाते काय, आणि पट्टीतून आसाच्या लोखंडात जाते काय. पहिल्याचे उत्तर होय आणि दुसऱ्याचे नाही असले, तर आर्मेचर जगले. उलट झाले, तर ते जळाले आहे, आणि मग रिवाइंडिंगचे दुकान गाठायचे किंवा पुण्यात असाल तर नाना पेठेत चक्कर टाकायची. कार्बनची जोडी आणि नवी मोटर यांच्या किमतीत बहुधा एका शून्याचा फरक असतो, आणि याच शून्याभोवती दुरुस्तीचे अर्थशास्त्र फिरते.

या अर्थशास्त्राचे एक विचित्र वैशिष्ट्य असे, की मालकाला छोटा दोष आवडत नाही. टर्मिनल घासून दहा मिनिटांत गाडी सुरू करून दिली, तर पन्नास रुपये देतानाही त्याच्या चेहऱ्यावर फसवले गेल्याची छटा दिसते; नवी मोटर बसवून, जुनी काळवंडलेली मोटर हातात ठेवली, तर तो हजारो रुपये समाधानाने मोजतो आणि जुनी मोटर घरी नेऊन माळ्यावर ठेवतो. नेमका दोष कुठे आहे हे ओळखण्याची विद्या वजनकाट्यावर दिसत नाही, मोटर मात्र हातात घेतल्यावर जड लागते. त्यामुळे माणसे ओळखणारा मेकॅनिक दोष सापडल्यावरही “संध्याकाळी या” असेच सांगतो, दुपारभर गाडी भिंतीला टेकवून ठेवतो आणि दोष जितका किरकोळ तितकी संध्याकाळ उशिरा करतो. अनेक निष्पाप मोटरी गिऱ्हाइकाच्या या मानसिक गरजेपायी भंगारात गेल्या आहेत.

अलीकडच्या काही स्कूटरांनी या साऱ्या ध्वनिशास्त्राचा पायाच काढून घेतला आहे. 2020 मध्ये आलेल्या अॅक्टिव्हा 6जी सारख्या वाहनांत वेगळी मोटर नाही. क्रँकच्या टोकाला बसवलेले वीज निर्माण करणारे जनित्रच सुरुवातीला उलट कामाला लावले जाते, तेच इंजिन फिरवते आणि इंजिन सुरू झाल्यावर पुन्हा वीज तयार करू लागते. त्यात घासणारे कार्बन नाहीत, दातेरी चाकांची घरघर नाही. बटण दाबले की इंजिन निमूटपणे चालू लागते. ही सोय उत्तम असली तरी बिघाड झाल्यावर तीही तितकीच निमूट असते, आणि चाळीस वर्षे ‘टक’ व ‘घर्रर’ यांतला भेद कमावलेला कान तिच्यापुढे बेकार ठरतो.

जुन्या पद्धतीची मोटर दुरुस्त होऊन परत बसली, की प्रात्यक्षिकाची वेळ येते. मेकॅनिक बटण दाबतो, गाडी पहिल्या झटक्याला सुरू होते. मालक ती बंद करून स्वतः दाबून पाहतो, पुन्हा सुरू होते. सोबत आलेला मेहुणा पाहतो, पुन्हा सुरू होते. शेजारच्या पानटपरीवाल्यालाही एकदा दाखवले जाते. प्रत्येक झटक्याला बॅटरीतून जेवढी वीज जाते तेवढी भरून निघण्यासाठी इंजिन काही मिनिटे चांगल्या वेगाने चालावे लागते, आणि येथे ते दोन सेकंदांत बंद केले जात असते. पैसे चुकते होतात, हात मिळवले जातात, मालक बसतो, हेल्मेटची पट्टी आवळतो, बटण दाबतो आणि ‘टकटकटकटक’ ऐकू येते.